अँटिबायोटिक चालू केल्यापासून सासूबाईंना जुलाब, गोळ्या बंद करू का?

झुळूक_नाशिक:
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. सासूबाई, वय ६७, शुगर आहे, मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालूये, बीपीची पण गोळी आहे. खालची दाढ दुखून गाल टम्म सुजला म्हणून डेंटिस्टकडे नेलं, त्यांनी एक्सरे काढला, मुळाशी पू झालाय म्हणाले आणि सूज उतरली की बघू म्हणून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड ६२५ दिवसातून तीनदा, मेट्रोनिडॅझोल ४०० तीनदा, वर पेनकिलर आणि ॲसिडिटीची गोळी असा पाच दिवसांचा कोर्स दिला. सूज उतरतेय, ठणका पण कमी आहे. पण काल दुपारपासून पोट जे बिघडलंय ते विचारू नका. पोटात सारखी गुरगुर, पातळ पाण्यासारखं होतंय, जेवण समोर आणलं की तोंड फिरवतात, लोखंडाची पळी चाटल्यासारखी चव येते म्हणतात. ताप नाही, रक्त वगैरे काही नाही, उलटी एकदाच झाली ती पण सकाळच्या गोळ्यांनंतर.

त्यांचं म्हणणं गोळ्या उष्ण पडल्या, त्यामुळे सब्जाचं पाणी आणि गुलकंद मागतायत. नवरा म्हणतो बंद कर सगळ्या गोळ्या, दात गेला खड्ड्यात. आणि शेजारच्या काकूंनी त्यांच्याकडे उरलेली जुलाबाची गोळी आणून दिलीये, पाकिटावर ओफ्लॉक्सासिन ऑर्निडॅझोल लिहिलंय, म्हणे एका गोळीत पोट बांधलं जातं. मी अजून दिलेली नाही. आज रविवार, डेंटिस्टचा दवाखाना बंद, मेसेज टाकलाय पण उत्तर नाही.

तर गोळ्या बंद करू का? दही चालतं का यावर? आणि हे असं होतं तरी का, गोळी दाताची आणि पोटाचे हाल?

कोल्हापुरी_तडका:
ताई मला पण असंच झालं होतं घशाच्या वेळी, मी सरळ बंद केल्या, ताक भात खाल्ला, दुसऱ्या दिवशी ठणठणीत. हे डॉक्टर लोक एवढ्याशा दाताला तोफा लावतात. बंद करा आणि गप झोपू द्या त्यांना.

गोळीवाला_काका:
झुळूकताई, पहिलं काम म्हणजे ती शेजारची गोळी काकूंना साभार परत करा. मी मेडिकल चालवतो, तीस वर्षं काउंटरला उभा आहे, आणि ही गोळी लोक पार चॉकलेटसारखी मागायला येतात. त्यात दोन औषधं आहेत. ऑर्निडॅझोल म्हणजे मेट्रोनिडॅझोलचाच भाऊ, म्हणजे एकाच घराण्यातली दोन औषधं एकदम पोटात जाणार, आणि ओफ्लॉक्सासिन हे आणखी एक अँटिबायोटिक. शिवाय तुमच्या सासूबाईंना शुगर आहे, ओफ्लॉक्सासिनच्या घराण्यातल्या औषधांनी शुगर वरखाली होते. अँटिबायोटिकने बिघडलेलं पोट आणखी अँटिबायोटिक देऊन सुधारायचं ही आपल्याकडची जुनी खोड आहे, तीच आवरा. तसंच ती लोपेरामाइडची पोट बांधायची गोळी पण मनाने देऊ नका, अशा वेळी आतली घाण अडकून राहणं कधी कधी महागात पडतं.

आता मला एक सांगा, सकाळची गोळी किती वाजता आणि कशावर घेतात? बहुतेक ठिकाणी इथेच गोम असते.

झुळूक_नाशिक:
काका बरोबर पकडलंत. सकाळी आठला गोळ्या घेतात, कारण कागदावर मी आठ दोन आठ असं लिहून फ्रिजला चिकटवलंय. पण आंघोळ, पूजा, पोथी सगळं उरकून नाश्ता करायला दहा वाजतात. तोपर्यंत फक्त चहा.

गोळीवाला_काका:
झालं तर मग. चार गोळ्या, रिकामं पोट आणि वर चहा, तरुण माणसाला पण मळमळेल.

या ६२५ मध्ये ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन असतं आणि १२५ क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. हे जे १२५ आहे ना ते खरं पोटाला लागतं, साधं अमॉक्सिसिलिन घेणाऱ्यांपेक्षा हे जोडऔषध घेणाऱ्यांना जुलाब जास्त होतात. म्हणून ही गोळी जेवायला बसल्यावर, पहिल्या दोन घासांबरोबर घ्यायची, जेवून अर्ध्या तासाने नाही आणि रिकाम्यापोटी तर नाहीच. त्याने औषध अंगाला पण नीट लागतं आणि पोटाला त्रास कमी. याच कारणाने सांगतो, कुणी ६२५ मिळाली नाही तर ३७५ च्या दोन घ्या असं सुचवलं तर ऐकू नका, ३७५ मध्ये पण क्लॅव्ह्युलॅनिक १२५ च असतं, दोन घेतल्या की ते दुप्पट होतं आणि मग संडासातून बाहेर येणं नाही.

तोंडाची ती लोखंडी चव मेट्रोनिडॅझोलची. त्याला इलाज नाही, औषध थांबलं की दोन तीन दिवसात जाते. जीभ काळपट किंवा पांढरी दिसली, लघवी गडद तांबूस झाली तरी या गोळीने होऊ शकतं, घाबरू नका, पण डोळे पिवळे वाटले तर मात्र लगेच डॉक्टर, कारण क्लॅव्ह्युलॅनिकने क्वचित कावीळ होते, आणि ती कधी कधी कोर्स संपून काही आठवड्यांनी उगवते.

पाणी. शुगर आणि वय दोन्ही आहे म्हणून हे सगळ्यात महत्त्वाचं. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात, पूर्ण एक लिटर. आमच्याकडे येणारे निम्मे लोक ती पुडी ग्लासभर पाण्यात ढवळून देतात, तसं केलं तर फार दाट होतं आणि जुलाब वाढतात. छोटी पुडी २०० मिलिलिटरची असते, पाकीट वाचा. शुगर आहे म्हणून ओआरएस टाळायचं कारण नाही, डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात लिटरमागे साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि ते मीठ-पाणी आतड्यातून आत ओढून घ्यायला लागतंच. प्रत्येक वेळी जाऊन आल्या की ग्लासभर, घोट घोट. एकदम गटागटा नको. फक्त ते टेट्रापॅकमधले फळांच्या चवीचे गोड ड्रिंक आणू नका, ते ओआरएस नाहीत, २०२५ मध्ये एफएसएसएआयने (खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) त्यांच्यावर ओआरएस शब्द छापायला बंदी घातली ती उगाच नाही.

गोळ्या बंद करायच्या का ते डेंटिस्टलाच ठरवू दे. रविवारी दवाखाना बंद असला तरी फोन लावा, मेसेजवर अवलंबून राहू नका. फोन नाहीच लागला तर तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांना विचारा.

मेतकूट_मऊभात:
खाण्याचं मी सांगते. आमच्याकडे वर्षभर कुणी ना कुणी अँटिबायोटिकवर असतंच (तीन म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी दोन).

गुलकंद अजिबात नको, शुगर आहे ना त्यांना, वर तो सारक. सब्जा पण आत्ता राहू दे. दूध बंद, चहात असेल तेवढंच, कारण जुलाबाच्या दिवसात दूध पचत नाही, वायू धरतो. दही ताक मात्र चालतं. तांदूळ जरा भाजून त्याची पातळ पेज, मीठ घालून, हवं तर वरून किंचित जिऱ्याची पूड. संध्याकाळी मऊ भात आणि मेतकूट, तूप अगदी नावाला. मुगाच्या डाळीचं कढण. अर्धं केळं, डाळिंबाचे दाणे. चव नाही म्हणतात तर आल्याचा इवलासा तुकडा मिठात बुडवून चघळायला द्या जेवणाआधी, किंवा लिंबाच्या जुन्या लोणच्याची फोड, आमच्या सासऱ्यांना त्यावर दोन घास जास्त जातात. दाढ दुखतेय तर दुसऱ्या बाजूने चावायला सांगा.

आणि एक जे कुणाच्या लक्षात येत नाही, शुगरवाल्यांसाठी आणलेली शुगर फ्री बिस्किटं, मिठाई, गोळ्या घरात असतील तर लपवा. त्यात सॉर्बिटॉल, माल्टिटॉल असतं, त्याने चांगल्या पोटाला पण जुलाब होतात. तोंडाची चव गेली म्हणून म्हातारी माणसं तेच चघळत बसतात.

कोल्हापुरी_तडका:
काका तुमचं सगळं मान्य पण लोक बंद करतात आणि बरे होतात हे पण खरंय ना. मग उगाच पाच दिवस कशाला हाल काढायचे.

पोटोबा:
मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. काकांनी जवळजवळ सगळं सांगितलंय, मी "का" चं उत्तर देतो आणि तडका यांच्या मुद्द्यावर येतो.

अँटिबायोटिकला दातातला जंतू आणि आतड्यातला जंतू यातला फरक कळत नाही. आपल्या मोठ्या आतड्यात जे अब्जावधी बॅक्टेरिया असतात ते न पचलेला चोथा, स्टार्च आंबवून त्याची छोटी फॅटी ॲसिड्स बनवतात, त्यातलं ब्युटिरेट हे तर आतड्याच्या अस्तराचं मुख्य अन्न, आणि या ॲसिड्सबरोबरच मीठ आणि पाणी आत ओढलं जातं. हे बॅक्टेरिया कमी झाले की तो चोथा, स्टार्च तसाच पडून राहतो, पाणी धरून ठेवतो, आणि पातळ होतं. अँटिबायोटिक घेणाऱ्यांत औषध आणि माणूस यांप्रमाणे साधारण ५ ते ३० टक्के लोकांना असा त्रास होतो, म्हणजे अजिबात दुर्मिळ नाही. काही औषधांचं गणित आणखी वेगळं असतं. एरिथ्रोमायसिन, अझिथ्रोमायसिन हे आतड्याच्या मोटिलिन नावाच्या हार्मोनची नक्कल करतात, त्यामुळे पोटात पिळवटून कळ येते. इतकी की ज्यांचं जठर मंदावलंय, उदाहरणार्थ जुनी शुगर असणारे, त्यांना ते चालवायला आम्ही एरिथ्रोमायसिन मुद्दाम वापरतो. क्लॅव्ह्युलॅनिकमुळे पण आतड्याची हालचाल वाढते.

आता बंद करण्याबद्दल. दातातला पू गोळीने जात नाही, तो दात उघडून किंवा काढून, पू बाहेर काढूनच जातो, गोळी फक्त आजूबाजूला पसरलेलं इन्फेक्शन आवरते. त्यामुळे उद्या डेंटिस्ट म्हणाले की आता एकच औषध चालू ठेवा किंवा थांबवा आणि या, मी दात उघडतो, तर त्यात काही विशेष नाही, उलट तेच बरं. पण इथे गाल सुजलेला आहे, शुगर आहे, अशा पेशंटने आपण होऊन, न सांगता सोडणं यात धोका आहे, जबड्याखाली सूज पसरली तर गिळायला श्वास घ्यायला त्रास होईपर्यंत गोष्ट जाते. तडका, तुमचा घसा बहुतेक व्हायरल होता, त्याला गोळ्यांची गरजच नव्हती, म्हणून सोडून पण बरे झालात.

जी गोष्ट मला रोज ओपीडीत खटकते ती सांगतो. असे जुलाब झाले की लोक पुढे प्रत्येक डॉक्टरला सांगतात "मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे". मग ते फाइलवर लाल पेनाने लिहिलं जातं आणि जन्मभर पाठ सोडत नाही. पोट बिघडणं, मळमळ हा साइड इफेक्ट आहे, ॲलर्जी नाही. अंगावर गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, घसा आवळणं, धाप लागणं ही ॲलर्जी. ती झाली तर तेव्हाच्या तेव्हा हॉस्पिटल. पण नुसत्या जुलाबावरून ॲलर्जीचा शिक्का बसला तर पुढे न्यूमोनिया झाला, ऑपरेशन झालं की साधं, स्वस्त, चांगलं औषध बाद होतं आणि जास्त जड आणि पोटाला जास्त त्रासाचं औषध द्यावं लागतं. माझ्याकडे एक आजोबा आले, पेनिसिलिन चालत नाही म्हणाले, खोदून विचारलं तर कधीकाळी कॅप्सूल खाऊन दोनदा जास्त संडासला गेले होते एवढंच. सासूबाईंच्या कागदावर लिहायचंच असेल तर "जुलाब झाले" असं लिहा.

झुळूकताई, त्यांच्या बीपीच्या गोळीचं नाव सांगाल का? त्यात पाण्याची गोळी आहे का ते बघायचंय.

झुळूक_नाशिक:
डॉक, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड असं लिहिलंय पाकिटावर. एकच गोळी आहे.

पोटोबा:
हेच वाटलं होतं. त्यातलं दुसरं नाव म्हणजे पाण्याची गोळी, लघवीवाटे मीठ-पाणी काढते. जुलाबाने शरीर कोरडं पडलेलं, त्यात टेल्मिसार्टन, पाण्याची गोळी आणि वर दाताची पेनकिलर, हे तिन्ही एकत्र आलं की किडनीवर ताण येतो, या वयात क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) चढायला वेळ लागत नाही. मेटफॉर्मिनचं पण तसंच, शरीर फार कोरडं पडलं तर ते काही दिवस थांबवावं लागतं. यातलं काहीही इथे वाचून तुम्ही थांबवू नका, पण आजच तुमच्या फॅमिली डॉक्टरला फोन करून ही सगळी यादी वाचून दाखवा. घरी बीपी मशीन असेल तर बसून आणि उभं राहून मोजा, शुगर पण तपासा. पेनकिलरऐवजी नुसतं पॅरासिटामॉल चालेल का तेही विचारून घ्या.

आणि हॉस्पिटल गाठायच्या खुणा: शौचात रक्त किंवा शेंबडासारखा चिकट भाग, ताप, पोट फुगून कडक होणं किंवा सतत दुखणं, पाणी पण न टिकणं, पाच सहा तासात लघवीच न होणं, उभं राहिल्यावर चक्कर, गुंगी. यातलं एक जरी दिसलं तर फोरमवर विचारत बसू नका.

दही_पोहे:
चांगला धागा, वाचतेय. एक शंका, प्रोबायोटिकच्या (चांगल्या जंतूंच्या) पुड्या आणि त्या छोट्या प्लास्टिकच्या कुपीतलं पाणी येतं ते, त्याने काही होतं का? आमचे डॉक्टर अँटिबायोटिकबरोबर हटकून देतात, सोबत बी कॉम्प्लेक्सची कॅप्सूल पण. दही खाल्लं तर पुरत नाही का?

गोळीवाला_काका:
बी कॉम्प्लेक्स ही महाराष्ट्राची परंपरा आहे हो, गिऱ्हाईकच मागतं, "ताकदीची गोळी टाका". पाच दिवसांच्या कोर्सला तिची काही खास गरज नसते. लघवी पिवळीजर्द होते आणि लोकांना वाटतं उष्णता बाहेर पडतेय.

पुड्यांमध्ये तीन जाती साधारण चालतात. लॅक्टोबॅसिलसवाल्या, त्या अँटिबायोटिकने मरतात म्हणून दोन तासांचं अंतर ठेवायचं. कुपीवाला बॅसिलस क्लॉसी, तो बीजाणूच्या, म्हणजे कवच धरून झोपलेल्या रूपात असतो म्हणून तग धरतो. आणि तिसरी सॅकरोमायसिस बुलार्डी, ती मुळात यीस्ट आहे, त्यामुळे बॅक्टेरियाचं औषध तिला लागू पडत नाही. ही हेन्री बुलार्ड नावाच्या फ्रेंच माणसाने १९२० च्या दशकात इंडोचायनात शोधली, कॉलऱ्याच्या साथीत तिथले लोक लिची आणि मँगोस्टीनच्या साली उकळून पितात हे बघून.

पोटोबा:
काकांनी इतिहास सांगितला, मी भूगोल सांगतो. पुड्यांचा पुरावा लहान मुलांत बऱ्यापैकी आहे, जुलाब होण्याचं प्रमाण कमी होतं, पण ते कोर्स सुरू होतानाच चालू केल्या तर. मोठ्यांत चित्र अर्धवट आहे. दुसरी बाजू पण बघा, २०१८ मध्ये इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या लोकांनी निरोगी माणसांना अँटिबायोटिक दिलं, मग काहींना प्रोबायोटिक दिलं आणि काहींना काहीच दिलं नाही, तर ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांचे स्वतःचे बॅक्टेरिया प्रोबायोटिकवाल्यांपेक्षा लवकर परत आले. अभ्यास छोटा होता, पण बाहेरून पेरणी केली की पोट लवकर पूर्ववत होतं असं धरून चालता येत नाही एवढं त्याने कळलं. मी स्वतः सरसकट लिहून देत नाही. आणि बुलार्डीची पुडी केमो चालू असलेल्यांना, आयसीयूत मानेत सेंट्रल लाइन घातलेल्यांना द्यायची नाही, ती यीस्ट रक्तात जाऊन इन्फेक्शन झाल्याच्या केसेस आहेत.

घरचं दही खाऊ द्या खुशाल. विरजणात कुठला जंतू किती हे मोजलेलं नसतं म्हणून ते औषध ठरत नाही, पण पचतं, प्रोटीन मिळतं, म्हातारी माणसं आवडीने खातात. अमॉक्सिसिलिनबरोबर दही-दूध खायला काही हरकत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिनबरोबर मात्र नको, कॅल्शियम त्या औषधाला धरून बसतं आणि औषध नीट आत शिरत नाही. कॅल्शियमच्या, लोहाच्या गोळ्या, अँटासिडचं गुलाबी औषध यांनाही तेच लागू, आणि त्यांना तर दह्याहून जास्त अंतर लागतं.

लीड्सकर:
इथे एक गोष्ट घालतो कारण अजून कुणी तिचं नाव काढलं नाही. बाबा आमच्याकडे इंग्लंडला आले असताना न्यूमोनिया झाला, इथल्या हॉस्पिटलात हेच अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक दिलं, बरे होऊन घरी आले. नंतर महिनाभराने जुलाब सुरू, दिवसात मोजता येणार नाहीत इतके, एक विचित्र उग्र वास, पोटात कळा. आई म्हणाली इथलं पाणी बाधलं, मी म्हटलं थंडी. जीपीने (इथले फॅमिली डॉक्टर) पहिला प्रश्न विचारला तो "मागच्या तीन महिन्यात अँटिबायोटिक घेतलं होतं का". सँपल पाठवलं, क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल निघालं, इकडे सगळे सी डिफ म्हणतात. इथे डॉक्टर "फोर सी" (इंग्रजी सी ने सुरू होणारी चार नावं) अशी यादी पाठ करून असतात, क्लिंडामायसिन, सेफॅलोस्पोरिन, को-अमॉक्सिक्लॅव्ह (म्हणजे हेच अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक) आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, यांच्यानंतर हा जंतू जास्त माजतो, विशेषतः ६५ च्या पुढे. औषध म्हणून व्हॅन्कोमायसिन तोंडाने दिलं. एरवी ते शिरेतून देतात, पण तोंडाने घेतलं की रक्तात जवळजवळ शोषलंच जात नाही, आतड्यातच राहून काम करतं. नर्स बजावून गेली की हात साबण-पाण्यानेच धुवा, सॅनिटायझरने त्याचे बीजाणू मरत नाहीत. संडास पण ब्लीचने पुसायचा.

पोटोबा:
छान केलंत हे लिहिलंत. आपल्याकडे याची तपासणी मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये होते, छोट्या गावात कुणी पाठवतच नाही, सगळं "फूड पॉयझनिंग" मध्ये खपतं. कोर्स संपल्यावर दोन तीन महिन्यांपर्यंत कधीही जुलाब लागले आणि थांबेनात तर डॉक्टरला ते अँटिबायोटिक आठवणीने सांगा, कारण त्यांच्या डोक्यात ते येईलच असं नाही. आणि ॲसिडिटीची गोळी, जी आपल्याकडे प्रत्येक प्रिस्क्रिप्शनच्या शेपटाला असते, तिच्याने सी डिफचा धोका थोडा वाढतो. कारण असेल तर जरूर घ्या, पण "पोटाला त्रास नको म्हणून" अँटिबायोटिकबरोबर रतीब घालायची ती वस्तू नाही. अँटिबायोटिकचे जुलाब तिने थांबत नाहीत.

झुळूक_नाशिक:
सगळ्यांचे खूप खूप आभार, अपडेट देते. डेंटिस्टना फोन लागला, त्यांनी मेट्रोनिडॅझोल थांबवायला सांगितलं, ६२५ जेवणाबरोबरच घ्या म्हणाले आणि उद्या सकाळी पहिल्या नंबराला बोलावलंय, दात उघडून पू काढणार. फॅमिली डॉक्टरांनी बीपीची गोळी दोन दिवसांपुरती बदलून दिली, पेनकिलर बंद करून पॅरासिटामॉल, आणि किडनीची रक्त तपासणी उद्याच करून घ्या म्हणाले. पेज आणि ओआरएस चालूये, रात्री एकदाच जावं लागलं, पहाटेपासून अजून तरी नाही. पूजेआधी नाश्ता करायला मात्र तयार नाहीत, शेवटी असं ठरलं की सकाळची गोळी दहा वाजता नाश्त्याबरोबर आणि पुढच्या दोन जेवणांच्या वेळेला, डॉक्टर म्हणाले चालेल. काकूंची गोळी परत केली, त्या जरा रुसल्यात.

निशिगंध_२:
इथेच विचारते, वेगळा धागा काढत नाही. माझ्या मुलाला (वय १९, हॉस्टेलला असतो) पिंपल्ससाठी डॉक्सिसायक्लिन दिलंय. जुलाब वगैरे नाही पण दोन दिवस झाले घास गिळताना छातीत मधोमध टोचतं म्हणतो, पाणी प्यायलं तरी. ॲसिडिटी असेल म्हणून गोळी घेऊ का विचारतोय.

गोळीवाला_काका:
त्याला विचारा गोळी रात्री झोपताना घेतो का आणि किती पाण्याबरोबर. नव्वद टक्के उत्तर येईल की पलंगावर बसून, एका घोटाबरोबर, आणि लगेच आडवा. डॉक्सिसायक्लिन अन्ननलिकेत अडकून विरघळलं तर तिथे भाजल्यासारखा व्रण पडतो, कॅप्सूल असेल तर ती चिकटते पण लवकर. ही गोळी उभं राहून किंवा ताठ बसून, पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. म्हणून दुपारच्या जेवणाबरोबर घेतली तर सगळ्यात सोयीची, फक्त त्या वेळी दूध-दही नको, दोन तासांनी चालेल. आणि ही गोळी चालू असताना ऊन बाधतं, चेहरा लाल होतो, तेवढं टोपी वगैरे बघायला सांगा.

आत्ता गिळताना दुखतंय तर पुढची गोळी घ्यायच्या आधी ज्यांनी लिहून दिली त्या स्किनच्या डॉक्टरांना फोन करा, बहुतेक काही दिवस थांबवायला सांगतील. पिंपल्सची गोळी आठवडाभर थांबली तर काही बिघडत नाही. तोवर मऊ आणि कोमट खायला सांगा, तिखट नको. पाणीसुद्धा गिळता येईना किंवा रक्ताची उलटी झाली तर हॉस्टेलवर थांबू नको म्हणावं, थेट कॅज्युअल्टी.

निशिगंध_२:
काका, आत्ताच विचारलं त्याला. रात्री मोबाइल बघत पडल्या पडल्या घेतो, पाण्याची बाटली लांब असली तर कोरडीच गिळतो म्हणे. फोन लावते डॉक्टरांना.